बारावीच्या निकालाआधीची परीक्षा



मी नागपूरच्या नंदनवनातून बोलते आहे. जगनाडे चौकाच्या आजूबाजूची ही आमची वस्ती. इथं कुही, उमरेड, भिवापूरकडच्या कितीतरी मुली खोली करून राहतात. कोणी नर्सिंग करते, कोणी इंजिनिअरिंग, कोणी पोलीस भरतीची तयारी. जून महिना लागला की मायलेकी खोली शोधत दारोदार फिरताना दिसतात.

अशीच एक मायलेकींची जोडी माझ्याकडे आली होती. मुलीला बारावीला चांगले मार्क. मी विचारलं, "पुढं काय करायचं ठरवलं?" आई म्हणाली, "इले वकील व्हायचं हाय ताई. ते बुटीबोरीकडं मोठं कायद्याचं विद्यापीठ हाय ना, तिथं टाकायचं म्हणतो. फारम कधी निघते?"

मला बोलवेना. कारण तो फॉर्म मागच्या वर्षीच निघून गेला होता. परीक्षा डिसेंबरात झाली होती. निकालही लागला होता. हुशार मुलगी, पाठीशी उभी राहणारी आई, आणि तरी वर्ष हातचं गेलं. अभ्यासात ती कमी पडली नव्हती. तिला कोणी वेळेवर सांगितलं नव्हतं, एवढंच. आज मी तुमच्याशी बोलते आहे ते यासाठीच.

आपल्या राज्यात तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. नागपूरचं विद्यापीठ बुटीबोरीच्या वाटेवर वारंगा इथं आहे. बारावीनंतर तिथं पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो. देशात अशी वीसहून जास्त विद्यापीठं मिळून एकच प्रवेश परीक्षा घेतात. तिचं नाव क्लॅट. ही परीक्षा २००८ साली सुरू झाली.

आता नीट ऐका, कारण इथंच गडबड होते. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि क्लॅट त्याच्या आधीच्या डिसेंबरात होते. म्हणजे मुलगी बारावीत शिकत असतानाच तिनं ही परीक्षा द्यायची. फॉर्म साधारण जुलै-ऑगस्टमध्ये निघतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंद होतो. फॉर्म ऑनलाइनच भरायचा असतो. बारावीचा निकाल हातात घेऊन "आता काय?" असं विचाराल, तर या परीक्षेपुरता फार उशीर झालेला असतो. म्हणून हा विचार अकरावीतच करायचा.

पात्रता काय? बारावी कुठल्याही शाखेची चालते, कला असो, वाणिज्य असो की विज्ञान. खुल्या आणि ओबीसी गटाला बारावीत ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. वयाची अट नाही. त्यामुळे एखाद्या मुलीचं एक वर्ष हुकलं, तर ती पुढच्या वर्षी पुन्हा बसू शकते. त्या मायलेकींनाही मी हेच सांगितलं.

पेपर दोन तासांचा असतो. १२० प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, त्यातला एक निवडून उत्तरपत्रिकेवर गोल काळा करायचा. बरोबर उत्तराला एक गुण, चुकलं की पाव गुण कापतात. म्हणजे चार उत्तरं चुकली की एका बरोबर उत्तराची कमाई गेली. अंदाजपंचे गोल भरत सुटायचं नाही.

विषय पाच. इंग्रजी, चालू घडामोडी, कायद्याचा तर्क, साधा तर्क आणि थोडं गणित. आधी एक उतारा देतात, मग त्यावर प्रश्न विचारतात. कायद्याची कलमं पाठ करायची गरज नाही. नियम उताऱ्यातच दिलेला असतो. तो दिलेल्या प्रसंगाला लावून दाखवायचा.

हे कसं असतं, ते आपल्या गटातल्या गोष्टीवरून पाहू. आपला करार कायदा १८७२ सालचा आहे. त्यात एक नियम आहे. कोणी आपली वस्तू तुमच्याकडे ठेवायला दिली, तर साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी तुम्ही घेतली पाहिजे. तेवढी घेऊनही नुकसान झालं, तर तुम्ही जबाबदार नाही.

आता प्रसंग. गटाचं शिलाई मशीन एका ताईच्या घरी ठेवलं आहे. रात्री पावसानं छप्पर गळायला लागलं. ताईनं धान्याची पोती दुसऱ्या खोलीत नेली, पण मशीन तिथंच भिजू दिलं. मशीन खराब झालं. ताई जबाबदार आहे का? आहे. स्वतःचं धान्य हलवलं, मशीन हलवलं नाही, म्हणजे हवी तेवढी काळजी घेतली नाही.

प्रसंग थोडा बदलू. ताईनं मशीन कोरड्या खोलीत नेलं, वरून ताडपत्री टाकली. पण पहाटे अचानक नदीचा पूर आला आणि पोती, मशीन सगळंच वाहून गेलं. आता? आता ताई जबाबदार नाही. नियम तोच, प्रसंग बदलला म्हणून उत्तर बदललं.

आणि कोणी म्हणेल, "जाऊ द्या, ती बिचारी गरीब आहे." माणूस म्हणून ते बरोबर असेल, पण नियमात गरिबीचा उल्लेख नाही. परीक्षेत मुली इथंच चुकतात. मनाला जे पटतं ते उत्तर देतात, नियमातून जे निघतं ते देत नाहीत. ही सवय घरी बसून, गप्पा मारता मारता लावता येते. गटाच्या बैठकीत वाद झाला की मुलीला जवळ बसवा. तिला विचारा, आपला नियम काय, घडलं काय, आणि त्यावरून निघतं काय.

गणिताचंही तसंच. टक्केवारी, सरासरी, गुणोत्तर, दहावीपर्यंतचंच. गटातून ५००० रुपये कर्ज घेतलं, महिन्याला २ टक्के व्याज, दहा महिन्यांत फेडायचं. पूर्ण रकमेवर व्याज धरलं तर १००० रुपये होतं. पण दर महिन्याला ५०० रुपये मुद्दल फेडत गेलं आणि उरलेल्या रकमेवरच व्याज लावलं, तर फक्त ५५० रुपये. हा हिशोब ज्या मुलीला वहीत मांडता येतो, तिनं या विभागाला घाबरायचं कारण नाही.

खरी अडचण इंग्रजीची. पेपर इंग्रजीतूनच असतो आणि आपल्या मुली मराठी शाळेतल्या. मी खोटा धीर देणार नाही, हे दोन-चार महिन्यांत होत नाही. पण दीड-दोन वर्षांत होतं. अकरावीच्या पहिल्या महिन्यापासून रोज एक इंग्रजी बातमी वाचायची. आधी तीच बातमी मराठी पेपरात वाचायची, म्हणजे अर्थ डोक्यात असतो. मग इंग्रजीतली वाचायची. अडलेले पाच शब्द वहीत लिहायचे. शेवटी बातमीत काय सांगितलं, ते दोन ओळींत मराठीत लिहायचं. सुरुवातीला एका बातमीला तास लागेल. लागू द्या. यात इंग्रजी आणि चालू घडामोडी, दोन्ही विषय एकदम होतात.

बारावीच्या जूनपासून घड्याळ लावून पेपर सोडवायचे. जुन्या प्रश्नपत्रिका परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठांच्या संघाच्या संकेतस्थळावर मिळतात. आठवड्याला एक पेपर, आणि दुसऱ्या दिवशी चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचं कारण लिहायचं. उतारा कळला नाही, घाई केली, की अंदाज मारला? त्या कारणांची यादी हाच पुढच्या आठवड्याचा अभ्यास.

मग शिकवणी लावायची की नाही? शहरात शिकवणीच्या पाट्यांना तोटा नाही. शिकवणीनं शिस्त लागते, सराव होतो, हे खरं. पण आधी दोन-तीन महिने घरी वाचन करून पाहा, एक जुना पेपर सोडवून पाहा, मग ठरवा. दागिने मोडून पहिल्याच दिवशी सगळी फी भरू नका. परिस्थितीनं मागे राहिलेल्या मुलांना या परीक्षेसाठी तयार करणारी इडिया नावाची संस्था आहे. प्राध्यापक शमनाद बशीर यांनी ती २०१० साली सुरू केली. शाळेतल्या शिक्षकांना सांगून तिथं चौकशी करा.

आता पैशाचं स्पष्ट बोलू. २०२५ च्या डिसेंबरात झालेल्या परीक्षेचा फॉर्म खुल्या आणि ओबीसी गटाला ४००० रुपयांचा होता. अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना ३५०० रुपयांचा. निकालानंतर प्रवेशाच्या नोंदणीला वीस-तीस हजार रुपये थोड्या दिवसांत उभे करावे लागतात. पुढं फी, वसतिगृह, जेवण धरून खर्च वर्षाला दोन लाखांच्या वर जातो. हे आकडे आधी कळले तर सोय करता येते. अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी मुलींसाठी शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज महाडीबीटीवर करायचा. बँकेचं शैक्षणिक कर्ज मिळतं. आणि रहिवासी दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला, यांतले जे लागतात ते फॉर्म निघायच्या आधीच तहसीलमधून काढून ठेवा. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव एकच आहे का, तेही बघा.

दुसरा रस्ता बंद करू नका. राज्य सरकारची पाच वर्षांच्या कायद्यासाठी वेगळी सीईटी असते, ती मराठीतूनही देता येते. तिच्यातून विद्यापीठाच्या आणि इतर विधी महाविद्यालयांत प्रवेश मिळतो. या सरकारी प्रवेश फेरीतून येणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, २०२४ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. क्लॅटचा अभ्यास या परीक्षेलाही उपयोगी पडतो. दोन्ही फॉर्म भरा.

एवढा खटाटोप कशाला, असं कोणी विचारेल. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा देणाऱ्या तिथल्या पहिल्या स्त्री ठरल्या. पण इथं बाईला वकिली करायची मुभाच नव्हती. ती १९२३ च्या कायद्यानं मिळाली. मधली वर्षं त्यांनी बंगालमध्ये पडद्यातल्या बायकांच्या मालमत्तेसाठी झगडण्यात घालवली. त्या बायकांना परक्या पुरुषासमोर बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांचं ऐकून घेणारी बाई हवी होती. आजही सातबाऱ्यावर नाव लावताना, पोटगी मागताना, पोलीस ठाण्यात जाताना आपल्याला तीच गरज भासते. बाईला तिचं उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क कायद्यानं दिला आहे. तो वकील आपल्याच गावची मुलगी असेल, तर बोलायला किती सोपं जाईल!

म्हणून एक काम करा. जुलैच्या बैठकीत विषय घ्या. आपल्या गावात अकरावी-बारावीत किती मुली आहेत, त्यांची नावं वहीत लिहा. प्रत्येकीच्या घरी निरोप द्या: फॉर्म आता निघतो, परीक्षा डिसेंबरात आहे. कोणी बसेल, कोणी नाही बसणार. पण "आम्हाले माहीतच नव्हतं" असं जूनमध्ये कोणत्याही आईला म्हणावं लागू नये.

ती मुलगी त्या वर्षी बी.ए.ला बसली आणि जुलैपासून इंग्रजी बातम्यांची वही घालू लागली. परवा आली, तेव्हा तिसरी वही सुरू होती. तिच्यासारख्या तुमच्या गावातही असतील. त्यांना आजच सांगा.