स्लो कुकर आणि सांगलीचे बेदाणे



आयोजकांनी मला संगणकावर बोलायला सांगितलं होतं. मी स्लो कुकरवर बोलते, तेही यंत्रच आहे.

घरी मंडळी जमणार असली की मी दुपारीच त्यात शिजलेल्या चिकन सॉसेजचे तुकडे, चिंचेचा कोळ, गूळ, आलं आणि लाल तिखट घालते. ‘लो’वर तीन तास. झाकण सारखं उघडायचं नाही, वाफ जाते आणि वेळ वाढतो. बेदाणे शेवटच्या अर्ध्या तासात. ते सांगलीचेच; इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत लागलेली सवय. २०१६ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, आम्ही होस्टेलवाल्यांनी ते आधीच दिलं होतं! स्ट्रॉबेरी आपल्या जिल्ह्याची असली तरी इथे नको, तिचा लगदा होतो.

साताऱ्यात पाहुणे आले की आई आत भजी तळत असायची. गप्पा तिला भिंतीपलीकडून ऐकू यायच्या. माझ्याकडे आली तेव्हा सवयीने दोनदा उठून आत गेली. करायला काही नव्हतं. मग येऊन बसली आणि स्वतःच्या शाळेतल्या कबड्डीच्या गोष्टी सांगू लागली. त्या मी चाळीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या.

भांडं मागच्या टेबलावर ‘वॉर्म’वर ठेवलंय. शाकाहारी मंडळींसाठी छोट्या बटाट्यांचं वेगळं आहे. टूथपिक शेजारीच.