रुतलेली कॅम्परव्हॅन

पावसाळ्यात शेताच्या कडेला मुक्काम केला आणि सकाळी कॅम्परव्हॅनची चाकं जागीच फिरू लागली, तर आधी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढा. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पाणी पिऊन ती फुगते, टायरच्या खाचा लिंपून टाकते. अशा वेळी चाक फिरवाल तितकं खोल जातं, आणि अ‍ॅक्सल जमिनीला टेकला की फावड्याशिवाय गत्यंतर नाही.

मग वजन उतरवा. माणसं खाली, पाण्याची टाकीही रिकामी; 100 लिटर म्हणजे 100 किलो. ते पाणी चाकांपाशी सोडू नका, हे खरं तर सांगायला नको! ज्या दिशेनं निघायचं, तिकडचा चिखल उतार देऊन उकरा. मुरूम, फळ्या, अगदी गाडीतली पायपुसणीसुद्धा चाकांखाली दाबून घाला. टायरमधली हवा थोडी कमी केली की पकड वाढते. पक्क्या रस्त्याला लागताच ती पुन्हा भरायची. शक्यतो आल्या चाकोरीतूनच मागे या. पुढे जायचं असेल तर दुसरा गिअर, पाय हलका.

ट्रॅक्टर बोलावलात, तर दोर बंपरला नव्हे, टोइंग हुकलाच बांधा. बघ्यांना लांब पिटाळा, कारण ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा उलटा येतो.