सोबत्याचें मरण आणि खेळाडूचा हक्क



नाटकांत किंवा कादंबरींत एखादें आवडतें पात्र मेलें तर आपण हळहळतों. पण लेखकानें आपल्यावर अन्याय केला असें म्हणत नाहीं. 'एकच प्याला' पाहणाऱ्या प्रेक्षकाला सिंधूला वांचविण्याचा अधिकार कधींच नव्हता. म्हणून तो हिरावून घेतल्याची तक्रारहि त्यानें केली नाहीं. व्हिडिओ गेम या नव्या कथाप्रकारांत मात्र ही स्थिति पालटली आहे. येथें कथेचें सुकाणूं, निदान कांहीं अंशीं, खेळणाऱ्याच्या हातीं असतें. एखादा सोबती नायकाबरोबर कित्येक तास वाट चालतो, लढतो, थट्टामस्करी करतो, आणि एके ठिकाणीं मरण पावतो. मग खेळणारा मुलगा विचारतो, "माझें काय चुकलें? मला याला वांचवितां आलें असतें काय?" हा प्रश्न पोरकट म्हणून उडवून लावण्यासारखा नाहीं. दिलेल्या वचनाचा आणि न्यायाचा एक खरा प्रश्न त्यांत दडलेला आहे. त्याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

अशीं मरणें तीन प्रकारचीं दिसतात. पहिला प्रकार सर्वस्वीं अटळ मरणाचा. जपानांतील स्क्वेअर कंपनीनें १९९७ सालीं 'फायनल फँटसी सेव्हन' हा खेळ काढला. त्यांत एरिथ नांवाची फुलें विकणारी मुलगी नायकाची सोबतीण आहे. खेळाच्या तीन तबकड्यांपैकीं पहिली संपतां संपतां ती खलनायकाच्या तरवारीला बळी पडते. खेळाडूनें कांहींहि केलें तरी हें टळत नाहीं. तिला परत आणण्याची एखादी गुप्त युक्ति असेल, या आशेनें लोक वर्षानुवर्षें शोध करीत राहिले. पण तशी युक्ति नव्हतीच. या ठिकाणीं दुःख आहे, पण फसवणूक नाहीं. खेळानें 'हिला वांचवितोस काय?' असें विचारून मग हात झिडकारलेला नाहीं.

दुसरा प्रकार खऱ्या निवडीचा. कॅनडांतील बायोवेअर या संस्थेच्या २००७ सालच्या 'मास इफेक्ट' या खेळांत एका ग्रहावर दोन सोबती दोन जागीं अडकतात, आणि त्यांपैकीं एकासच सोडवितां येतें. ही निवड क्रूर आहे. पण खरी आहे. जो वांचला तो पुढील भागांतहि भेटतो आणि गेलेल्याची आठवण ठेवतो. २०१० सालच्या दुसऱ्या भागांत तर शेवटच्या मोहिमेंत सारेच परत येऊं शकतात किंवा बहुतेक सारे मरूंहि शकतात. जहाज आधींच बळकट केलें होतें काय, सोबत्यांच्या मनांतील सल दूर केले होते काय, कोणतें काम कोणास सांगितलें, यांवर तें ठरतें. आपल्याकडे ज्यास कर्मविपाक म्हणतात त्याचाच हा प्रकार होय.

तिसरा प्रकार मात्र दोषास्पद आहे. अमेरिकेंतील टेलटेल कंपनीचा 'द वॉकिंग डेड' हा पांच भागांचा खेळ २०१२ सालीं आला. तुमच्या निवडीप्रमाणें कथा घडत जाईल, असें तो आरंभींच सांगतो. पहिल्या भागांत कार्ली आणि डग या दोघांपैकीं एकास वांचवावयाचें असतें. खेळाडू क्षणभरांत, धडधडत्या छातीनें, निवड करतो. आणि तिसऱ्या भागांत, वांचलेली कार्ली असो वा डग, एकाच बाईच्या गोळीनें त्या व्यक्तीचा अंत होतो. ज्या निवडीसाठीं जीव घाबरा झाला ती अशी धुवून निघाली.

तथापि त्याच खेळाचा शेवट न्यायाचा उत्तम नमुना आहे. नायक ली यास विषारी दंश झालेला आहे आणि तो जगणार नाहीं, हें खेळ लपवीत नाहीं. प्रश्न उरतो तो एवढाच: त्यानें जिला सांभाळलें त्या लहानग्या क्लेमेंटाइननें स्वतःच्या हातानें त्याची सुटका करावी, कीं त्याला तसाच सोडून जावें? उत्तर कोणतेंहि दिलें तरी ली मरतोच. पण त्या मुलीला जातां जातां काय शिकवावें, हें खेळाडू ठरवितो. मरण हातीं नसतांहि निवड अर्थपूर्ण असूं शकते, हें येथें दिसतें.

यावरून एक नियम काढतां येतो. मरण अटळ असणें हा अन्याय नव्हे. अटळ असून तें टाळतां येईल असें भासविणें, हा अन्याय होय. आणि न्याय केवळ खेळाडूलाच मिळावयास हवा असें नाहीं. तो सोबत्यालाहि मिळावयास हवा. प्रेक्षकांचे डोळे ओले करण्यापुरतें त्याला मारूं नये. त्याचें मरण त्याच्या स्वभावांतून आणि निश्चयांतून यावें.

हा विचार आपणांस परका नाहीं. पुण्यांतील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेनें २०२० सालीं 'राजी' हा खेळ काढला. म्हणजे महाराष्ट्रांतहि असे खेळ रचले जातात. उद्यां कोणी १६६० सालच्या पावनखिंडीवर खेळ रचला, तर बाजीप्रभूंना वांचविण्याची मुभा खेळाडूला द्यावी काय? माझ्या मतें देऊं नये. खिंडींत उभें राहण्याचा निश्चय बाजींचा स्वतःचा होता. तो मुलाच्या हातांतील कळीवर सोंपविणें म्हणजे बाजींचा मोठेपणा काढून घेणें होय. पण विशाळगडाची वाट चालणारा एक साधा मावळा खेळाडूला करतां येईल. तो रेंगाळला तर गडावरील तोफा उशिरां होतील. त्यानें जिवाची शर्थ केली तर बाजींच्या कानीं त्या वेळेवर पडतील. बाजी दोन्ही वेळां पडतात. परंतु काम फत्ते झाल्याचें ऐकून पडतात कीं न ऐकतां, हें खेळणाऱ्याच्या पायांवर अवलंबून राहील. याहून मोठी निवड कोणती हवी?

आमच्या दिघीच्या किनाऱ्यावरून जंजिरा दिसतो. लाय पाटील या कोळी सरदारानें १६७६ च्या सुमारास रात्रीं त्या तटाला शिड्या लावल्या, पण मोरोपंतांची फौज वेळेवर न आल्यामुळें पहांटे त्या काढून परतावें लागलें, असें सांगतात. किल्ला मिळाला नाहीं. तरीहि शिवाजी महाराजांनीं त्यास पालखीचा मान देऊं केला, आणि दर्यावर राहणाऱ्यास पालखी काय कामाची, असें त्यानें म्हटल्यावर 'पालखी' नांवाचें गलबत बांधून दिलें, अशी कथा आहे. फळ हातीं आलें नाहीं. पण श्रम जमेस धरले गेले. खेळ रचणाऱ्यांनीं एवढें जरी पाळलें, तरी सोबत्याच्या मरणानंतर मुलांच्या मनांत दुःख उरेल, पण फसल्याची भावना उरणार नाहीं. आणि आपला मुलगा एखाद्या कल्पित सोबत्यासाठीं गप्प बसलेला दिसला, तर घरांतील वडील माणसांनीं हंसूं नये. त्यानें काय निवडलें, आणि तें कां निवडलें, एवढें त्याला विचारावें.