नरिमन हाऊसचं सुतक



26 नोव्हेंबरला महाराज बाड्यावर श्रद्धांजली सभा घ्यावी, असं मंडळाच्या मनात आहे. विचार योग्यच आहे. त्याबद्दल आम्हांला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली बहुतेकांना पटेल, दुसरी काहींना रुचणार नाही.

2008 साली मुंबईवर हल्ला झाला, 166 माणसं गेली. ताज, ओबेरॉय, सीएसटी ही नावं आपल्या तोंडी असतात. कुलाब्याचं नरिमन हाऊस मात्र मागे पडतं. ते ज्यूंचं केंद्र, म्हणूनच मुद्दाम हेरलेलं होतं. तिथले रब्बाय गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांच्या पत्नी रिव्का आणि चार पाहुणे मारले गेले. दोन वर्षांच्या मोशेला त्याची दाई सँड्रा सॅम्युएल यांनी कडेवर घेऊन बाहेर आणलं. ती इमारत सोडवताना हवालदार गजेंद्रसिंह बिष्ट शहीद झाले.

कोणी म्हणेल, ते परदेशी लोक, आपला काय संबंध? अहो, ज्यू महाराष्ट्राला परके कधी होते? अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, असं बेने इस्राएल सांगतात. घाण्यावर तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. कीर्तन मराठीत. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली, तर तिथेही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. (आपल्याकडे नातवंडं आजीशी हिंदीत बोलतात, तो विषय पुन्हा कधी.) मुलूख सोडून भाषा सांभाळणं म्हणजे काय, हे शिंद्यांबरोबर इकडे आलेल्या आपल्या घराण्यांना कोणी समजावून सांगायला नको.

ज्यूंमध्ये जवळचं माणूस गेलं की घरचे सात दिवस जमिनीलगत बसतात. आपल्या सुतकासारखंच म्हणा. पण गेलेल्यासाठी म्हणायची कद्दिश ही प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाही. रिवाजाप्रमाणे दहा पुरुष जमावे लागतात. जिथे समाजच मूठभर उरला, तिथे हे दहा जण आणायचे कुठून?

आता दुसरी गोष्ट. या सभेत एका समाजाविरुद्ध घोषणा द्याव्यात, अशी सूचना गेल्या बैठकीत आली. आमचा तिला विरोध आहे. लष्कर-ए-तैयबाचं नाव घेऊन निषेध करा, पाकिस्तानातून ज्यांनी ही माणसं पाठवली त्यांचा करा, घसा बसेपर्यंत करा. पण ठार झालेल्या नऊ हल्लेखोरांना मुंबईच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला तिथल्या मुस्लिम जामा मशीद ट्रस्टनेच नकार दिला, हे विसरू नका. मयताला माती नाकारणं ही कोणत्याही धर्मात लहान गोष्ट नाही. आणि आपल्या बाड्यावरच, गोरखीत, मन्सूरशाह बाबांना शिंदे घराणं गुरू मानून पूजत आलं. त्या दाराशी उभं राहून बाबांच्या जातभाईंना शिव्या द्यायच्या? माणसाला नुसत्या धर्मावरून वेचून मारलं, हीच तर आपली तक्रार आहे ना?

सभेत नरिमन हाऊसची सहाही नावं आणि बिष्टांचं नाव मोठ्याने वाचावं. ज्यू कबरीवर खडा ठेवतात, तेव्हा हारांसोबत सहा खडेही असावेत. ते आम्ही आणू. घोषणांचा प्रश्न मताला टाकायचा असेल तर आत्ताच टाका, आम्ही विरोधात हात वर करणार.