शेवट ठाऊक असलेली गोष्ट

प्रेमकथांवर हमखास घेतला जाणारा आक्षेप म्हणजे त्या सगळ्या एका साच्यातून निघतात. आधी वैर आणि मग प्रेम, सोयीपुरतं लग्न आणि त्यातून हळूहळू जडलेला जीव, गर्विष्ठ श्रीमंत नायक आणि मानी नायिका, ही वळणं वाचकांना पाठ असतात. दोघं एकत्र येणार हे पहिल्या पानावरच कळतं, तरी हीच पुस्तकं मागून मागून वाचली जातात. हा वाचकांचा आळस, असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. शेवट ठाऊक असल्यामुळेच या कथेला एक अवघड प्रश्न निर्धास्तपणे हाताळता येतो. ज्यांची पत, पैसा आणि सत्ता सारखी नाही अशी दोन माणसं बरोबरीच्या नात्यानं एकत्र कशी येतील?

जेन ऑस्टिनची १८१३ सालची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' पाहा. प्रकरणं एकसष्ट, नायक डार्सी नायिका एलिझाबेथला लग्नाची पहिली मागणी घालतो ती चौतिसाव्यात, म्हणजे जवळजवळ मध्यावर. त्याचं उत्पन्न वर्षाला दहा हजार पौंड. एलिझाबेथच्या वडिलांना मुलगा नाही, म्हणून त्यांची इस्टेट नात्यातल्या एका पुरुषाकडे जाणार. व्यवहार पाहिला तर तिनं 'हो' म्हणायला हवं. पण मागणी घालतानाही हा गृहस्थ तिच्या घराण्याचा कमीपणा बोलून दाखवतो, आणि ती त्याला साफ नाकारते. उरलेली निम्मी कादंबरी दोघांच्या दुरुस्तीला दिली आहे. तिला त्याचं पत्र वाचून आपला पूर्वग्रह कळतो. तो तिच्या धाकट्या बहिणीची अब्रू पदरचे पैसे घालून वाचवतो, तेही गुपचूप. कथेतल्या वैरानं नायिकेला नकाराचा हक्क मिळवून दिला आणि नायकाला बदलायला अवधी. शार्लट ब्राँटीच्या १८४७ सालच्या 'जेन एअर'मध्येही तेच. मालकाची, म्हणजे रॉचेस्टरची, पहिली बायको जिवंत आहे हे कळताच जेन घर सोडते. पुढे काकांचे वीस हजार पौंड तिच्या वाट्याला येतात, त्यांतले तीन हिस्से ती आपल्या भावंडांना देते, आणि स्वतःच्या पायांवर उभी राहून मगच परतते. तोवर रॉचेस्टरची दृष्टी आणि एक हात गेलेला असतो. पारडं समतोल करायला ब्राँटीनं ते जरा जोरानंच दाबलं, असं मला वाटतं.

सोयीच्या लग्नाचं वळण तर मराठी वाचकाला समजावून सांगावंच लागत नाही. जॉर्जेट हेयरच्या १९३४ सालच्या 'द कन्व्हिनियंट मॅरेज' या कादंबरीच्या तर नावातच ते आहे. आपल्याकडे घरच्यांनी ठरवलेल्या लग्नात आधी संसार आणि मग ओळख, हे पिढ्यान्‌पिढ्या घडत आलं आहे. अशा कथेत वाचणारी शोधते ती लग्नानंतर तरी आपल्याला कुणी विचारलं का, आपलं ऐकलं का, याची खूण. प्रत्यक्षात हा प्रश्न विचारायची सोय अनेकींना नव्हती.

यावर गंभीर हरकत अशी, की हे सगळं पलायन आहे. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेनं १९८४ साली 'रीडिंग द रोमान्स' या पुस्तकात एका गावातल्या वाचक स्त्रियांचं म्हणणं मांडलं. काही जणी पुस्तक घेण्याआधी शेवट वाचून पाहत. वाचनाचा वेळ हा घरच्यांच्या मागण्यांतून सोडवलेला आपला स्वतःचा वेळ, असं त्या सांगत. रॅडवेनं स्वतःच शंका काढली, की असा विसावा मिळाला तर घरातला अन्याय तसाच राहील. शंका रास्त आहे. पण विसावा काढून घेतला म्हणून अन्याय हटतो, असंही नाही. आणि आदरानं वागवलं जाणं म्हणजे काय हे पुनःपुन्हा वाचणारीच्या हाती निदान एक माप राहतं.

याहून कठीण हरकत बळजबरीची. कॅथलीन वुडिविस यांच्या १९७२ सालच्या, तुफान खपलेल्या 'द फ्लेम अँड द फ्लॉवर'मध्ये नायकच सुरुवातीला नायिकेवर बलात्कार करतो, आणि पुढे त्यावर प्रेमाचा मुलामा चढतो. इथे विषमता मिटत नाही, झाकली जाते. त्याचं समर्थन मी करणार नाही. मात्र वाचक काहीही निमूट गिळतात, हा समज रॅडवेच्या नोंदींपुढे टिकत नाही. कथेत काय मुळीच नको, असं विचारल्यावर त्या स्त्रियांनी बलात्काराचं नाव ठळकपणे घेतलं होतं.