खडकावरून गरवण्यासाठी रॉड आणि रील : कमी पैशांत काय घ्यावं

(सहाय्यकांच्या मेळाव्यात दिलेलं भाषण)



रायगड किनाऱ्यावरच्या एका कातकरी वाडीतल्या सात तरुणांना मासे गरवण्याचं साहित्य हवं आहे, हे आपण मागच्या अंकात वाचलं असेल. त्यानंतर पुष्कळ जणांनी विचारलं, "ताई, नेमकं काय घ्यायचं? खर्च किती?" एका भाऊंनी पंधरा हजारांच्या रॉडचा फोटोही पाठवला. त्यांच्या मोठ्या मनाबद्दल आभार. पण तेवढ्यात तिघांचं पूर्ण साहित्य येऊन पैसे उरतात. पैसे आपले आणि बिलावर सही माझी, म्हणून हा विषय मी त्या मुलांकडून आणि दोन-तीन दुकानदारांकडून शिकून घेतला. आज तोच हिशेब आपल्यापुढे मांडते.

आधी हे साहित्य कशासाठी, ते सांगते. महाराष्ट्रात आदिम जमाती म्हणून नोंद असलेल्या तीन जमातींपैकी कातकरी ही एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या झाडापासून कात काढणं हा कातकऱ्यांचा जुना धंदा, नावही त्यावरूनच पडलं. तो धंदा गेला. आता पावसाळा संपला की ठेकेदाराकडून उचल घ्यायची आणि कुटुंबासह वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जायचं, ही अनेक घरांची रीत झाली आहे. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे, पण घरात तांदूळ नसताना हातात पडलेली उचल कायद्यापेक्षा जवळची वाटते. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यांत घरात थोडी रोकड असली, तर माणूस ठेकेदाराला "थांबा, विचार करून सांगतो" एवढं तरी म्हणू शकतो. एका रॉडने वीटभट्टी सुटत नाही, हे मला माहीत आहे. त्या "थांबा" या शब्दासाठी आपला खटाटोप आहे.

ही मुलं आजही खडकावरून गरवतात, पण हातदोरीने. तंगूस हाताला गुंडाळायचा, टोकाला शिसं, आणि फिरवून फेकायचं. हातदोरी फार लांब जात नाही, म्हणून माणसाला खडकाच्या अगदी कडेला उभं राहावं लागतं. रॉड असेल तर आमिष लांब जातं आणि माणूस चार पावलं मागे, उंच आणि कोरड्या जागी उभा राहतो. जिताडा, तांबोशी, गोबरा हे मासे खडकाच्या आडोशाला राहतात आणि त्यांना बाजारात भाव चांगला मिळतो. म्हणजे रॉडचा पहिला फायदा जिवाला आणि दुसरा खिशाला.

आता एकेक वस्तू पाहू.

रॉड. खडकासाठी नऊ ते दहा फुटांचा रॉड बरा. त्याहून आखूड असला तर तंगूस समोरच्या दगडांवर घासतो. फार लांब असला तर दिवसभर धरून हात भरून येतात. कार्बनचा रॉड हलका असतो, मासा टोचला तरी कळतो, पण खडकावर आपटून बारीकशी चीर पडली की पुढच्या जोराच्या ओढीला तिथेच मोडतो. फायबर ग्लासचा रॉड जड असतो, पण मार खातो आणि स्वस्तही मिळतो. म्हणून आपण फायबर ग्लासचा, दोन तुकड्यांचा रॉड घेत आहोत. एकात एक सरकणारा घडीचा रॉड पिशवीत मावतो खरा, पण त्याच्या सांध्यांत वाळू आणि मीठ जाऊन तो अडकतो. रॉडवर किती ग्रॅम वजन फेकता येईल ते लिहिलेलं असतं. आपल्याला साधारण ४० ते ८० ग्रॅमचं शिसं लागतं, ते त्या आकड्यात बसलं पाहिजे. दुकानात प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवून पाहावा. कापसाचे धागे अडकले तर कडीला तडा आहे. तसली कडी तंगूस कापते.

रील. रॉडपेक्षा रीलवर थोडे जास्त पैसे घालावेत, कारण खारं पाणी पहिला घाला रीलवर घालतं. आपल्याला साधी, समोर उघडी फिरकी असलेली स्पिनिंग रील हवी, आकार ४००० ते ५०००. खोक्यावर दहा बेअरिंग, बारा बेअरिंग असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, त्याला भुलू नये. हलक्या प्रतीची बारा बेअरिंग असण्यापेक्षा चांगली तीन-चार बरी, गंजायला जागाही कमी. दुकानात रील हातात घ्यावी, हँडल हळू फिरवावं. खरखर लागते का, हँडल बाजूला हलतं का, ते पाहावं. मग ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की तंगूस ताणाखाली सोडणारी कळ, घट्ट करून तंगूस हाताने ओढावा. तो सलग सुटला पाहिजे, झटक्यांनी नाही. झटका बसला की तंगूस तुटतो आणि मासाही जातो. शेवटचा प्रश्न दुकानदाराला विचारायचा : या रीलचे सुटे भाग मिळतात का? "नाही" म्हणाला तर ती रील कितीही स्वस्त असो, महागच.

तंगूस. हल्ली विणलेल्या दोऱ्याचं फार कौतुक आहे. तो बारीक असून बळकट असतो, लांब जातो. पण आपल्या किनाऱ्यावरच्या काळ्या खडकाला कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा सुरीसारख्या. ताणलेला विणलेला दोरा तिथे घासला की लगेच तुटतो. साधा नायलॉनचा तंगूस घासणं जास्त सोसतो, थोडा ताणला जातो आणि स्वस्त असतो. ०.४० ते ०.४५ मिलिमीटर जाडीचा पुरे. रीलच्या फिरकीवर खाली जुना तंगूस आणि वर नवा भरला तर खर्च निम्म्यावर येतो, कारण रोजच्या फेकीत वरचाच भाग वापरला जातो. फिरकी काठोकाठ भरायची नाही, दोन-तीन मिलिमीटर जागा ठेवायची. गाठ ओली करून मगच आवळायची, कोरडी आवळली तर घर्षणाने तंगूस कमजोर होतो. ड्रॅग तंगुसाच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढा ठेवायचा. भाजीवाल्याकडचा ताणकाटा लावून एकदा मोजून घेतला की हाताला अंदाज येतो.

गळ आणि वजन. खडकात वजन अडकणारच. म्हणून वजन मुख्य तंगुसाला थेट बांधायचं नाही. ते बारीक, कमजोर तंगुसाने बांधायचं, म्हणजे अडकलं तर तेवढंच तुटतं, गळ आणि मासा परत येतो. शिशाऐवजी गॅरेजमधले जुने स्पार्क प्लग चालतात. आपल्यापैकी कुणाचं गॅरेज असेल तर एक डबा भरून ठेवा, हे दान आम्हाला फार उपयोगी आहे. शिसं दातांनी दाबण्याची सवय मुलांना सोडायला सांगितली आहे, ते विष आहे. आणि तुटलेला तंगूस खडकावर टाकायचा नाही. पक्षी त्यात अडकून मरतात.

आता ज्यावर तडजोड नाही ते : जीव. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०१६ मध्ये खडकावरच्या मासेमारीसाठी स्वतंत्र सुरक्षा कायदा केला. ठरवून दिलेल्या धोक्याच्या भागांत तिथे लाइफ जॅकेट घालणं सक्तीचं आहे. आपल्याकडे सक्तीची वाट पाहायला नको. प्रत्येक संचात जॅकेट आणि पकड असलेले, घट्ट बांधायचे बूट आहेत. शेवाळावर चप्पल टिकत नाही. उतरण्याआधी वीस मिनिटं वरून लाटा पाहायच्या, समुद्राकडे पाठ करायची नाही, एकट्याने जायचं नाही. कुणी पडलाच तर मागून उडी मारायची नाही. बूच घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन दोरीला बांधून जवळ ठेवायचा आणि तो फेकायचा.

भरतीचा हिशेब मुलांना मी शिकवायचा नव्हता, त्यांनीच मला शिकवला. वाडीतले एक आजोबा म्हणाले, "ताई, तिथीची पाऊणपट कर." चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती पूर्ण होणार साधारण तीन वाजता, दुपारी आणि रात्रीही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणात खालच्या खडकावर उतरायचं नाही. आणि नारळी पौर्णिमेच्या आधी खडकावर जायचंच नाही, हा नियम त्या सातजणांनी स्वतः केला आहे.

देखभालीला पैसे लागत नाहीत, सवय लागते. घरी आल्यावर रील गोड्या पाण्याने हलकेच धुवायची. नळाच्या जोरदार धारेखाली धरायची नाही, मीठ आत ढकललं जातं. बादलीत बुडवायचीही नाही. पुसून, ड्रॅग सैल करून, जिथून तंगूस वळतो त्या छोट्या चाकाला तेलाचा एक थेंब द्यायचा.

एका संचाचा हिशेब असा : रील १,५००, रॉड १,०००, तंगूस-गळ-वजन ५००, जॅकेट आणि बूट १,०००. एकूण ४,००० रुपये. सातजणांचे २८,०००. पैसे कमी पडले तर रॉड आणखी साधा घेऊ किंवा दोघांत एक संच देऊ. जॅकेट आणि बूट मात्र प्रत्येकाला मिळतील.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. एका मासे व्यापाऱ्याने हेच साहित्य उधारीवर द्यायची तयारी दाखवली. अट एवढीच, की सगळा मासा त्यालाच, त्याच्या भावाने. मुलं मोहात पडली होती. पण त्यांच्यातलाच एकजण म्हणाला, "दादा, ही पण उचलच झाली ना?" त्या प्रश्नानंतर कुणी उधारीचं नाव काढलं नाही. म्हणून आपलं साहित्यही फुकट वाटायचं नाही, असं ठरलं आहे. प्रत्येकजण मासा विकला जाईल त्या महिन्यात २०० रुपये वाडीच्या बचत गटात भरेल. ज्या महिन्यात मासा नाही, त्या महिन्यात हप्ता नाही. व्याज नाही. जमलेल्या पैशांतून तंगूस, दुरुस्ती आणि पुढच्या मुलाचा संच. ती वही गटाकडे राहील, माझ्याकडे नाही.

शुभवर्तमानात मासेमारी आली की बहुतेक वेळा जाळी येतात. पण मत्तयाच्या सतराव्या अध्यायात प्रभू पेत्राला सरोवरात गळ टाकायला सांगतो, आणि त्या एका माशाने दोघांचा देणं असलेला कर भागतो. एका गळाला एक मासा, आणि डोक्यावरचं एक देणं कमी. आपणही एवढंच मागतो आहोत.

ज्यांना पूर्ण संच देणं शक्य आहे त्यांनी तो द्यावा. ज्यांना शक्य नाही त्यांनी एक तंगुसाचं रीळ, एक बुटांचा जोड किंवा जुन्या स्पार्क प्लगचा डबा द्यावा. घरात पडलेली जुनी रील द्यायची असेल तर आधी हँडल फिरवून पाहा. आपल्याला वापरवत नसेल तर ती खडकावर उभ्या असलेल्या माणसालाही देऊ नका. खरेदीला सातहीजण माझ्याबरोबर येतील आणि रॉड स्वतः हातात धरून निवडतील. बिलं पुढच्या अंकात छापू. मुलांची नावं प्रार्थनेच्या यादीत लावली आहेत, आपल्या कुटुंबप्रार्थनेत त्यांची आठवण ठेवा.

 प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.