गरिबीचे माप आणि आपली भिवंडी



गरीब कोणाला म्हणावे? पुण्याच्या दांडेकर व रथ यांनी १९७१ साली माणशी रोज २२५० उष्मांकांचे माप लावले. त्या मापाने बिसीत दोन वेळ जेवून १२ तास माग चालविणारा आपल्याकडचा कामगार कदाचित गरीब ठरणारही नाही. २०२१ साली नीती आयोगाने आरोग्य, शिक्षण, घर, पाणी अशी १२ मापे घेतली. हे योग्यच झाले. परंतु त्यातले एक मला, शिक्षकाला, खटकते. घरातल्या एकानेही सहा वर्षांचे शिक्षण पुरे केले, की त्या बाबतीत सारे घर वंचित नाही!

माझ्या एका विद्यार्थ्याची बहीण चौथीनंतर घरी कांड्या भरू लागली. भाऊ सातवी पास, म्हणून ती या मापात दिसत नाही. मुले शाळेत जातात का, हे विचारणारे दुसरे माप आठवीपर्यंतच्या वयाचे. ती आता सोळा वर्षांची आहे. आमच्या हजेरीपटावर तिच्यापुढे फक्त ‘नाव कमी केले’ असा शेरा आहे.

सच्चर समितीला २००६ साली ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी चौथा हिस्सा कधी शाळेत न गेलेला किंवा शाळा सोडलेला आढळला. आपल्या गल्लीचा हिस्सा किती? पुढच्या पालकसभेला येताना घरातल्या प्रत्येक मुलीचे वय आणि सुटलेली इयत्ता कागदावर लिहून आणा.